जिभेखालची दहा मिनिटं

काशीने हात पुढे केला तेव्हा सगुणाला आधी वाटलं, तिला काहीतरी लागलंय. झाडताना पत्रा वगैरे. पण तळहातावर रक्त नव्हतं. पांढरं काहीतरी होतं, मसुरीच्या डाळीएवढं, एका बाजूने झिजलेलं. "बाकाच्या बुडाला चिकटलं व्हतं, सिस्टर," काशी म्हणाली. "तिसऱ्या जागेखाली. मला वाटलं च्युइंगम. खरवडलं, तर ह्ये." सगुणाने ते उचललं आणि मूठ मिटली. भिंतीवरच्या घड्याळात नऊला दहा कमी होते. साडेनऊला तपासणीचे साहेब येणार होते. बाहेर खाणीकडचे डंपर जात होते, खिडकीची काच नेहमीसारखीच थरथरत होती, आणि सगुणाला वाटलं की आज ती काच आपल्याच अंगात कुठेतरी बसवलेली आहे.

"फेकू का?" काशीने विचारलं.

"नको. मी बघते. तू बाहेरचं अंगण झाड."

"अंगन झालं की सकाळीच."

"मग पुन्हा झाड."

काशी तिच्याकडे एक क्षण बघत राहिली आणि खराटा घेऊन निघून गेली. दाराशी जाऊन म्हणाली, "सायब यायचं म्हनल्यावर सगळ्यांनाच दोनदोनदा झाडायचं सुचतं."

सोसायटीच्या तळमजल्यावरचे हे दोन गाळे. पुढच्यात बाकं, मागच्यात कपाट, खिडकी आणि सगुणाची खुर्ची. रोज सकाळी चौतीस माणसं इथे येत. ब्राउन शुगर ओढणारी, म्हणजे कालपर्यंत ओढणारी. लोक त्यांना गर्दुल्ले म्हणत आणि सोसायटीतल्या बायका मुलांना आतल्या जिन्याने नेत. चौतिसांना ती तलफ शमवणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिनची एकेक गोळी मिळे. ती गिळायची नसते. जिभेखाली ठेवायची, तोंड मिटायचं आणि दहा मिनिटं बसायचं. बोलायचं नाही. दहा मिनिटांनी सिस्टर टॉर्च घेऊन समोर येते. आ करायचा, जीभ वर उचलायची. खाली काही उरलं नसलं की वहीत नावापुढे 'समक्ष घेतली' आणि त्याखाली सगुणाची सही. भिंतीवर चौकटीत लावलेला मान्यतेचा कागद या एका अटीवर टिकून होता. गोळी या खोलीच्या बाहेर जाता कामा नये. बाहेर गेलेली गोळी विकली जाते, पाण्यात कालवून शिरेत टोचली जाते. मग खातं म्हणतं, हे तर औषधाच्या नावाखाली दुकान. कागदाची मुदत या महिनाअखेर संपत होती. पुढचा कागद साहेबांच्या सहीवर होता.

आणि तिसरी जागा कुंदनची होती.

इतरही बसत तिथे. पाच माणसांचं बाक, दिवसाला सात पाळ्या, तिसऱ्या जागेवर सात जणांची बुडं टेकायची. सगुणाने ते सातही चेहरे डोळ्यांपुढून फिरवले, हळूहळू, एकेकावर थांबत, एखाद्यावर तरी संशय टिकावा म्हणून. टिकला नाही. सहा जणांची तोंडं ती रोज टॉर्चने बघत होती. कुणाची कुठली दाढ पडलीय, कुणाच्या हिरडीला सूज आहे, हे तिला त्यांच्या नावांपेक्षा पक्कं ठाऊक होतं. सातव्याचं तोंड तिने आठ महिन्यांत एकदाही बघितलं नव्हतं. दहा मिनिटं संपली की ती कुंदनसमोर उभी राही, तो मान हलवी, जराशी, झाली म्हणून, आणि ती पुढच्याकडे सरके. मग आत जाऊन सही करी. समक्ष.

तो तिचा थोरला भाऊ होता. दादूस. इथे कुणाला ठाऊक नव्हतं. सगुणाचं आडनाव लग्नानंतर बदललेलं, ती खांदेश्वरहून येई, आणि पहिल्या दिवशी खिडकीशी उभं राहून खाली बघत कुंदनच तिला "सिस्टर" म्हणाला होता. तिथूनच ठरून गेलं. थोरल्या भावाला चार माणसांत 'तोंड उघड, जीभ वर कर' म्हणायचं, हे तिच्या हाताला जमेना. पहिल्या दिवशी टॉर्च उचलला होता तिने. त्याने मान वळवली होती, भिंतीकडे, जसा बापूस शेवटच्या आजारात लंगोट बदलताना वळवायचा. टॉर्च खाली आला. त्यानंतर कधी वर गेला नाही. उद्या बघू, असं त्या दिवशी वाटलं होतं. मग आठ महिने रोज उद्याच होता.

ती मोरीशी गेली. गोळी अजून मुठीत होती. घामाने ओली होऊन ती तळव्याला चिकटली होती, आणि सगुणाला भलतंच वाटून गेलं की ही आता आपल्याच कातडीतून आत चाललीय. नळ सोडला की झालं. एक पांढरा ठिपका जाळीतून खाली जाईल. काशीने काही बघितलं नाही, आपण काही बघितलं नाही. तिने नळाला हात लावला. मग तिला गेला आठवडा आठवला, आणि हात तिथेच राहिला.

गेला आठवडाभर दादूसला जांभया येत होत्या. एकीमागून एक, डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या. नाक गळत होतं. परवा भर उन्हात त्याच्या दंडावर काटा आलेला तिने खिडकीतून पाहिला होता. दुसऱ्या कुणाच्या अंगावर हे दिसतं तर तिने तासाभरात डॉक्टरांना सांगितलं असतं. सात वर्षं ती हेच बघत आली होती, शरीराला हवं ते मिळेनासं झालं की ते कसं मागायला लागतं ते. पण स्वतःशी ती म्हणाली होती, खाणीची धूळ आहे. धुळीने होतं. आता मुठीतली गोळी सांगत होती की धूळ नाही. म्हणजे तो गोळी काढून ठेवतोय. विकतोय. विकून पुन्हा तेच घेतोय. आणि तिच्या डोळ्यांपुढे शिवराम उभा राहिला.

शिवराम त्यांच्याच आळीतला. शिरवण्यात दादूस आणि शिवराम ही दोन नावं कुणी कधी वेगळी घेतली नव्हती. जमिनी गेल्या, मिठागरं गेली, हातात एकदम पैसा आला आणि सकाळी उठून जायला कुठे जागा उरली नाही. त्या रिकाम्या सकाळीत दोघांनी बरोबरच पहिल्यांदा चांदीच्या कागदावर ती भुकटी तापवली. बरोबरच ते दुसऱ्या एका केंद्रात जायला लागले, दिघ्याच्या अलीकडे होतं ते. बरे होत होते. शिवरामने भाजीची गाडी लावली होती. मग एका सकाळी तिथे कुलूप. कुणी साहेब आला होता म्हणे, वह्या बघितल्या, त्याच दिवशी बंद. तिसऱ्या दिवशी शिवराम पुन्हा त्या भुकटीकडे गेला, आणि इतक्या महिन्यांनी अंग तेवढं पेलणारं राहिलं नव्हतं. नाल्याच्या कठड्याला टेकून बसलेला सापडला. दादूसनेच सगुणाला सांगितलं होतं, सगळं सांगून झाल्यावर शेवटी म्हणाला होता, गाडीवर टोमॅटो तसेच होते, कुनी झाकलं पन नव्हतं.

हा कागद गेला तर चौतीस जण. तिने नळ सोडला नाही. गोळी ॲप्रनच्या खिशात टाकली. ती का ठेवतेय हे तिला कळत नव्हतं. फक्त एवढं कळत होतं की पाण्याने ती गेली असती आणि भीती इथेच राहिली असती.

डॉक्टर सुनीती आल्या, पर्स टेबलावर ठेवता ठेवता म्हणाल्या, "सगुणा, अजिबात टेन्शन घ्यायचं नाही. आपलं सगळं क्लीन आहे. आहे ना?"

"हो," सगुणा म्हणाली. तो 'हो' इतका सहज निघाला की तिला स्वतःचीच भीती वाटली.

साहेबांचं नाव हौसेराव. साठीकडे झुकलेले, कॉलरच्या आत रुमाल घडी करून ठेवलेला, घाटावरचा संथ आवाज. तिला वाटलं होतं कुणी ओरडणारा माणूस येईल. ओरडणाऱ्या माणसापुढे काय करायचं हे माहीत असतं. हौसेराव चपला दाराबाहेर काढून आत आले. चहा राहू द्या म्हणाले. कपाट बघितलं, दोन कुलपं, दोन किल्ल्या, एक सिस्टरकडे, एक डॉक्टरांकडे. गोळ्यांच्या पट्ट्या मोजल्या, वहीशी ताडल्या. सगळं जुळलं. जुळणारच होतं, कपाटातून गेलेली प्रत्येक गोळी माणसाच्या हातात गेली होती. त्यांचं बोट सह्यांच्या रकान्यावरून खाली सरकत गेलं. समक्ष, समक्ष, समक्ष. सगुणाला वाटलं, एका सहीपाशी ते बोट अडेल, तिथे कागद खरखरीत लागेल. बोट अडलं नाही.

"कागद चांगलेच असतात, सिस्टर," हौसेराव वही मिटत म्हणाले. "कागद वाईट असलेलं केंद्र मी अजून बघितलं नाही. मला देताना बघायचंय. मी कोपऱ्यात बसतो. मी नाही असं समजा."

पहिली पाळी आत आली. पाच जण. दुसऱ्या जागेवर दिघ्याचा रिक्षावाला नामदेव, आणि तिसऱ्यावर कुंदन, निळा चौकटीचा शर्ट, बाह्या मनगटापर्यंत बटण लावून, उकाड्यातही. नामदेवने कोपऱ्यातल्या साहेबांकडे बघून हात जोडले. "साहेब, आमची तोंडी परीक्षा काय? मी शाळेत तोंडीलाच नापास व्हायचो."

"आता तोंड बंद, नामदेव," सगुणा म्हणाली.

"बंदच करतो. बंद करायचे मार्क आहेत."

तिने एकेकाच्या तळहातावर गोळी ठेवली. कुंदनच्या हातावर ठेवताना त्याची बोटं गार लागली, आणि त्याने वर बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते तिला कळेना. पाच हात तोंडाशी गेले, पाच तोंडं मिटली. दहा मिनिटं.

ही दहा मिनिटं ती घड्याळावर कधीच मोजत नसे. तिची आई धवलारीण होती, आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणारी. हळदीपासून पाठवणीपर्यंत तिचा आवाज थांबत नसे, आणि सगुणा लहानपणी तिच्या मांडीशी बसून ते सगळं अंगात साठवून राहिली होती. एक धवला मनात पुरा म्हणून झाला की सव्वातीन मिनिटं होत. तीन धवले आणि वर एक श्वास, की दहा. रोज हे आपोआप व्हायचं. आज शब्द सुटे झाले. मिठागराच्या बांधावरी पांढरी पाखरं उतरली गो, भाव माझा बांधावरी पाखरं मोजीतो एकेक गो. पुढची ओळ आली नाही. पाखरं तिथेच बांधावर बसून राहिली, आणि त्या बांधावर ती स्वतः उभी होती, पाच वर्षांची, पाय चिखलात, आणि दादूस तेरा वर्षांचा, हातात मिठाचा खडा घेऊन.

तो त्यांचा खेळ होता. बापूस आगरात फळीने मीठ ओढत असे आणि बांधावर दोघं बसलेली. दादूस एक खडा तिच्या जिभेखाली ठेवी, एक स्वतःच्या. आधी थुंकेल तो हरला. जीभ चरचरायची, डोळ्यांत पाणी यायचं, तोंड खाडीसारखं भरून यायचं. "थुकू नको बाय," तो मिटल्या ओठांतून म्हणायचा, "विरघलू दे. विरघल्याव काय नाय व्हत." ती लबाडी करायची. खडा हळूच गालात सरकवायची आणि संपला म्हणून हात वर करायची. मग तो तिची हनुवटी धरून म्हणायचा, "आ कर." उन्हाकडे तोंड वळवून, डोळे बारीक करून तो तिच्या तोंडात बघायचा, इतका मन लावून की तिला वाटायचं, आपल्या आत काहीतरी फार मोलाचं आहे आणि ते फक्त दादूसला दिसतं. खडा सापडला की तो रागवायचा नाही. म्हणायचा, "हाय अजून. बस." आणि तीही बसायची. तोही बसायचा.

तिला नर्स करायची हेही त्यानेच ठरवलं. जमिनीच्या पैशातून त्याच्या वाट्याला आलेल्यातून त्याने तिची फी भरली, आळीतल्या लोकांनी विचारलं, पोरीवर कशाला खर्च करतंस, तर म्हणाला, घरात एक जन तरी बघनारा पायजे. तेव्हा तो काय म्हणाला ते तिने मनावर घेतलं नव्हतं. आज ते वाक्य कोपऱ्यातल्या खुर्चीवर, रुमाल घडी करून बसलं होतं.

कुंदनने जांभई दिली. तोंड न उघडता, नाकपुड्या ताणून. डोळ्यांतून पाणी घरंगळलं आणि त्याने ते खांद्याला पुसलं. हौसेरावांनी ते बघितलं. सगुणाने त्यांना बघताना बघितलं.

दहा मिनिटं झाली. घड्याळाने सांगितलं म्हणून. तिने टॉर्च उचलला. पहिल्याचं तोंड, जीभ वर, स्वच्छ. नामदेवचं तोंड, स्वच्छ, तो जीभ डावी-उजवी हलवून दाखवू लागला तेव्हा ती हसली नाही. मग तिसरी जागा. ती कुंदनसमोर उभी राहिली. त्याने मान हलवली, जराशी, रोजच्यासारखी, आणि तिचे पाय रोजच्यासारखे चौथ्याकडे वळले. पाय वळलेले तिला दिसले. कोपऱ्यात पेनचं टोपण काढल्याचा बारीक आवाज झाला. खिशातली गोळी मांडीला लागत होती, एवढीशी, आणि तिच्या कानांत खिडकीची काच थरथरत होती, बाहेर डंपर नसतानाही. बघितलं आणि असली, तर कागद गेला. बघितलं नाही, तर दादूस गेला, आज नाही तर महिन्याने, कुठल्याशा कठड्याला टेकून. दोन्हीकडून तेच थंड पाणी वर चढत होतं, गुडघ्यांपर्यंत, कमरेपर्यंत. तिने टॉर्च लावला. लहानपणी तो तिची हनुवटी धरायचा तशी तिने त्याची हनुवटी धरली. दाढीचे खुंट बोटांना टोचले.

"दादूस," ती म्हणाली, "आ कर."

नामदेवची जीभ तोंडातच राहिली. कुंदनने भिंतीकडे मान वळवायला घेतली, पण हनुवटी तिच्या हातात होती. मग त्याने डोळे मिटले आणि तोंड उघडलं. वरच्या दोन दाढा नव्हत्या. जीभ कोरडी, पांढरट. त्याने ती उचलली, खाली काही नव्हतं, आणि तिला वाटलं, देवा, नाहीये. मग तिने टॉर्च जरा तिरपा केला. डाव्या गालात, हिरडीच्या वर, ती लबाडी करायची अगदी त्याच जागी, गोळी होती. कडा विरघळलेल्या, पोट शाबूत.

"काय, सिस्टर?" हौसेरावांनी कोपऱ्यातून विचारलं.

"हाय," ती म्हणाली. ऑफिसची भाषा तिच्या तोंडून निघूनच गेली होती. "गोली हाय अजून."

डॉक्टर सुनीती दारात उभ्या होत्या. त्यांचा हात चौकटीवर गेला. सगुणाला थांबता येईना. "ह्याच्या सह्या मी न बघता केल्यात, साहेब. आठ महिने. बाकीच्यांच्या बघून केल्यात, ह्याच्या नाय. थोरला भाऊ हाय माझा. मना बोलता नाय आलं." तिने खिशातली गोळी काढून बाकावर ठेवली. "ही सकाळी सापडली. ह्याच बाकाखाली."

हौसेराव उठून जवळ आले. रागावल्यासारखे दिसत नव्हते, थकल्यासारखे दिसत होते. "कुठे विकता?" त्यांनी कुंदनला विचारलं.

कुंदनने नाही म्हणून मान हलवली. गालातली गोळी तशीच धरून त्याने शर्टाच्या खिशात हात घातला आणि चुन्याची डबी काढली. उघडून सगुणापुढे धरली. आत कापसावर अकरा गोळ्या होत्या. सगळ्या अर्धवट चोखलेल्या, वाळून एकमेकींना चिकटलेल्या, मिठाच्या बरणीच्या तळाशी खडे उरतात तशा.

"इकली नाय," तो म्हणाला. गालातल्या गोळीमुळे शब्द ओले येत होते. "सायब येनार कललं. मना वाटला आता ह्या पन बंद व्हनार. शिवरामच्या येली जाला तसा. अर्धी चोखली, अर्धी ठेवली. काल डबी घरा रायली, म्हनून ती बाकाखाली चिकटवली. बंद जाल्याव बारा दिस तं निघतील." तो सगुणाकडे बघत नव्हता. "तुला सांगला असता तं तुला खोटा लिहायला लागला असता."

सगुणाला जांभया आठवल्या, दंडावरचा काटा, मनगटापर्यंत लावलेली बटणं. बारा दिवस तो अर्ध्यावर राहिला होता. सकाळपासून ती त्याला चोर समजत होती आणि तो बाकावर तिच्यासमोर बसून, तोंड मिटून, येणाऱ्या दिवसांसाठी थोडं थोडं मागे ठेवत होता.

हौसेरावांनी डबीतल्या गोळ्या बोटाने मोजल्या. "दिघ्याकडचं ते केंद्र," ते म्हणाले, "मीच बंद केलं होतं. पट्ट्याच्या पट्ट्या बाहेर जात होत्या. बंद करायलाच हवं होतं." ते थांबले. "तिथली माणसं कुठे गेली, हे लिहायला माझ्या फॉर्मात जागा नव्हती. मी विचारलं नाही."

नामदेव मांडीवरच्या हातांकडे बघत होता.

"ही डबी सील होईल," हौसेराव कामाच्या आवाजात म्हणाले, पण तो आवाज त्यांना नीट सापडत नव्हता. "अकरा आणि ही एक, बारा. डॉक्टर, तुमच्या सहीने. वहीत सिस्टर स्वतःच्या हाताने लिहितील, आत्ता म्हणाल्या ते, जसंच्या तसं. मान्यता मी तीन महिन्यांची देतो, वर्षाची नाही. न कळवता येईन. आणि यांना उद्यापासून गोळी सिस्टर देणार नाहीत. दुसरं कुणी देईल. नात्यातलं नाही."

तीन महिने. सगुणाने ते ऐकलं आणि तिच्या पायांतलं पाणी उतरलं, पण पुरतं नाही, घोट्यांशी राहिलंच. तीन महिन्यांनी हा माणूस पुन्हा येईल. उद्या दुसरं कुणीतरी दादूसच्या तोंडात बघेल, ज्याला त्या दोन दाढा कधी पडल्या ठाऊक नसेल. आणि रात्री दादूस घरी काय करतो, ते तर कुणीच बघणार नव्हतं.

"आणि आजची?" तिने विचारलं.

हौसेरावांनी घड्याळाकडे बघितलं. मग परत कोपऱ्यात जाऊन खुर्चीवर बसले आणि फॉर्म मांडीवर ठेवला, रकाना तसाच मोकळा. "आजची तुम्हीच," ते म्हणाले. "झाली की सांगा. मग लिहितो."

सगुणाने बाकासमोर स्टूल ओढलं आणि बसली, तिचे गुडघे त्याच्या गुडघ्यांना लागतील इतकी जवळ. "जिभेखाली घे," ती म्हणाली. त्याने गोळी गालातून सरकवली. गालावरचा तो उंचवटा जागा सोडताना तिला दिसला. "तोंड मिट. थुकू नको." कुंदनने तोंड मिटलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, जांभईचं की कशाचं कोण जाणे, आणि या वेळी त्याने भिंतीकडे बघितलं नाही. ती पहिल्या ओळीपासून सुरू झाली. पांढरी पाखरं उतरली, एकेक. ओठ हलत होते तिचे, आवाज अगदी बारीक निघत होता, आणि तिला ते कळत नव्हतं. नामदेवला ऐकू येत होतं. कोपऱ्यात पेन थांबलेलं होतं. तिसरा धवला संपला, वर एक श्वास झाला. तिने टॉर्च लावायच्या आधीच दादूसने आपणहून तोंड उघडलं, जीभ वर उचलली, आणि खिडकीतून आलेल्या उन्हाकडे मान वळवून धरली. तिने वाकून बघितलं. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, दाढांच्या मोकळ्या जागा बघितल्या, आणि संपली आहे हे दिसल्यावरही ती बघतच राहिली.